तीन ओळींचे मणेरीकर सर

मणेरीकर सर मस्कत कायमचं सोडून गेले त्याला आता आठेक महिने झाले. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजूनही दर आठवड्याला कोणीतरी त्यांचा फोटो टाकतं आणि खाली जोडलेल्या हातांची नि फुलांची रांग लागते. ‘सरांशिवाय शुक्रवार सुना सुना’, ‘ओमानमधल्या मराठीचा आधारवड’ वगैरे. मीही एक अंगठा टाकून मोकळा होतो. नाही टाकला तर चार जण विचारणार, काळे, बिनसलं का काही? आणि काय बिनसलं ते सांगायला बसलो, तर लोक मलाच नावं ठेवतील. म्हणून इथे लिहितो आहे. लिहिताना जिभेवर ताबा राहील असं वचन मात्र देत नाही.

भास्कर मणेरीकर मस्कतच्या बौशर भागात एका इंजिनिअरिंग सल्लागार कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. नाव भारदस्त असलं तरी काम कारकुनी. कुठलं ड्रॉइंग कुठल्या साइटवर कधी गेलं, पोचलं की नाही, नवीन आल्यावर जुन्यावर ‘रद्द’चा शिक्का मारला की नाही, हे सगळं बघायचं. अठ्ठावीस वर्षं हेच. अंगाने काटकुळे, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल, आणि ऑगस्टच्या उन्हातसुद्धा शर्टाची गळ्याशी असलेली गुंडी लावलेली. बायको पनवेलला, मुलगा बंगळुरूला, आणि हे इथे एका खोलीत. ‘सर’ ही पदवी त्यांना शाळेने नव्हे, आम्ही मंडळवाल्यांनी दिली.

आणि ती दिली ती हायकूमुळे. हायकू म्हणजे जपानी लोकांची तीन ओळींची कविता, एवढं आम्ही ऐकून होतो. ती आपण करायची असते, हे सरांनी आमच्या गळी उतरवलं. त्यांचं सांगणं अगदी सोपं होतं. “दोन ओळींत काय दिसलं ते लिहायचं. तिसरीत जरा मान वळवायची. संपलं. याला प्रतिभा लागत नाही, डोळे लागतात.” मंडळाच्या निबंध स्पर्धेला तोवर तीन प्रवेशिका यायच्या, त्यातल्या दोन आयांनी लिहिलेल्या. सरांच्या हायकूला पहिल्याच वर्षी चाळिसावर आल्या. गाडी चालवणारे, नर्सा, हॉटेलातले आचारी, सगळे तीन ओळी करायला लागले. कोणी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवी, सर उतरवून घेत.

मुलांच्या बाबतीत तर त्यांनी चमत्कारच केला, हे मी आजही नाकारत नाही. मदिनत सुलतान काबूस या वस्तीत एका घरी ते शुक्रवारी मुलांना जमवत. ही मुलं आपसात फाडफाड इंग्रजी बोलणारी. मराठीत एक वाक्य पुरं करताना त्यांच्या कपाळावर घाम येतो. रेवा नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. ती म्हणाली, “सर, मला मराठी मध्ये फक्त थोडं थोडं येतं.”

“थोडंच हवंय,” सर म्हणाले. “जास्त येत असतं तर घेतलं नसतं.”

त्या पोरीने अर्ध्या तासाने कागद दिला:

*एसी बंद केला*
*आत्ता कळलं*
*बाहेर चिमणी होती*

सरांनी तो मोठ्याने वाचला. कोणी टाळ्या वाजवायला लागलं तर हात वर केला. हायकूला ‘वा’ म्हणायचं नाही, मनात दहापर्यंत मोजायचं, असा त्यांचा दंडक होता. आम्ही सगळे बापलोक मान खाली घालून मोजत बसलो. रेवाच्या आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

त्यांच्या ऑफिसात सईद म्हणून एक ओमानी ड्रायव्हर होता. सर त्याला मोडक्या अरबीत आणि हिंदीत आपले हायकू ऐकवत. पहिल्यांदा ऐकवला तेव्हा तिसरी ओळ झाल्यावर तो बराच वेळ थांबला, मग म्हणाला, “खलास?” सर म्हणाले, “खलास.” तो पोट धरून हसला. पुढे दर सकाळी गाडीत बसल्यावर तोच विचारायचा, “अर्बाब, आज तीन लाइन?” अर्बाब म्हणजे मालक. हा किस्सा सर फार रंगवून सांगत. लोकांना हसवून झालं की म्हणत, “सईदच खरा वाचक. संपलं का ते विचारून घेतो.”

आता त्यांच्या नियमाबद्दल. सरांकडे जाड पुठ्ठ्याची एक नोंदवही होती, ऑफिसच्या धर्तीवर आखलेली. क्रमांक, तारीख, कोणी पाहिलं, कुठे पाहिलं आणि मग हायकू. स्वतःच्या डोळ्यांनी न पाहिलेलं एक अक्षर त्या वहीत चालत नसे. कोणी चंद्र, दवबिंदू, पारिजातक असलं लिहून आणलं की सर चष्म्यावरून बघत. “मस्कतला पारिजातक? कुठे पाहिलात? मलाही दाखवा.” तो बिचारा ओशाळून बसे. मग सर फूटपट्टी ठेवून लाल रेघ मारत, सरळ, अगदी प्रेमाने. त्या रेघेचं कोणाला वाईट वाटत नसे. उलट, माणूस किती सच्चा आहे बघा, असंच आम्ही घरी जाऊन सांगत असू.

मलाही ती रेघ मिळाली. माझी आई साताऱ्याला वारली तेव्हा मी मस्कतच्या विमानतळावर होतो. पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. शेवटचं काय ते बहिणीने, वैजूने, फोनवर सांगितलं होतं. परत आल्यावर महिनाभराने मी शुक्रवारच्या बैठकीत तीन ओळी वाचल्या. आयुष्यात मनापासून केलेल्या त्या पहिल्याच:

*आई गेली*
*भांड्यात पाणी*
*तिने ठेवलं तेवढंच*

दहा मोजून झाले. सरांनी विचारलं, “काळे, तुम्ही होतात तिथे?”

“नाही सर. वैजूने सांगितलं.”

“मग हा तुमचा नाही, वैजूताईंचा आहे. त्यांना लिहू दे.” आणि फूटपट्टी घेतली. रेघ मारून झाल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “दुःख खरं आहे हो. पण डोळे उसने आहेत.”

त्या वेळी मला ते पटलं. खरं सांगतो, पटलं. घरी जाऊन बायकोला म्हणालो, गुरू असावा तर असा. त्यानंतर मात्र माझ्या हातून एक ओळ उतरली नाही. बैठकीला जायचो, इतरांचे ऐकायचो, खुर्च्या मांडायचो.

सरांचं स्वतःचं पुस्तक होतं, ‘वाऱ्याची बाजू’. त्यातले निम्मे हायकू दुक्मचे. दुक्म म्हणजे मस्कतपासून सहा-सात तासांवर, समुद्राकाठी उघड्या माळावर उभं राहिलेलं बंदर आणि रिफायनरी. तिथे बायकापोरं नाहीत, अंगभर कव्हरऑल चढवलेले कंत्राटावरचे पुरुष, आणि वारा. सर सांगत, आम्ही मस्कतला यायच्या आधी त्यांनी दोन वर्षं तिथल्या कॅम्पात काढली होती. तो अनुभव त्यांच्या बोलण्यात नेहमी यायचा. हे दोन हायकू तर मंडळात सगळ्यांना पाठ:

*दोरीवर शंभर कव्हरऑल*
*वारा सुटला*
*सगळे एकीकडे चालू लागले*

*ओहोटी*
*रोहित पक्ष्यांचे पाय, आमचे बूट*
*एकाच चिखलात*

पण लोक यायचे ते तिसऱ्यासाठी. सर तो कार्यक्रमाच्या शेवटी म्हणत. आधी चष्मा काढून टेबलावर ठेवत. “हा माझा रूम पार्टनर. एका सकाळी उठलाच नाही,” एवढंच सांगत. मग:

*खाट रिकामी*
*उशीवर अजून*
*डोक्याचा खड्डा*

दहा मोजायला त्यांना सांगावं लागत नसे. सभागृहात नाक ओढल्याचे आवाज तेवढे येत. मी दर वेळी रडलो आहे.

मागच्या वर्षी माझ्या कंपनीने मला पाइपांच्या वेल्डिंगच्या तपासणीसाठी सहा आठवडे दुक्मला पाठवलं. मी मटेरियल इन्स्पेक्टर आहे, असल्या ठिकाणी जाणं माझ्या नशिबात असतं. या वेळी मात्र मी आनंदाने गेलो. सरांचं पुस्तक बॅगेत टाकलं. साइट नेमकी त्यांच्याच कंपनीच्या देखरेखीखालची. म्हटलं, सरांची खोली बघू, ती दोरी बघू, तो चिखल बघू. माणसं जशी देवाला जातात तसा मी दुक्मला गेलो, हे आता लिहितानाही लाज वाटते.

तिथे महादेव घाडी भेटला. देवगडकडचा, फॅब्रिकेशनचा फोरमन, पन्नाशीचा, बारा वर्षं त्याच साइटवर. चहाच्या सुट्टीत मी त्याला विचारलं, “मणेरीकर सर इथे होते तेव्हा कुठल्या खोलीत राहायचे?”

“कोण? फोनवाले मणेरीकर सर?” तो म्हणाला. “ते हय खय? ते मस्कतात. मी तेंका कधी बघूक नाय. आवाज तेवढो वळखतंय.”

मला वाटलं, दुसरे कोणी असतील. पण महादेव बोलत गेला. दर गुरुवारी सर साइटवर फोन करत. ड्रॉइंगं पोचली का, हे विचारणं हे त्यांचं कामच. ते झालं की आणखी विचारत, घाडी, या आठवड्यात काय बघितलंस? “सात वर्षां इचारतत,” महादेव म्हणाला. “मी सांगी. कापडां वाळत घातलेली, ओहोटीचो चिकल, काय असात ता. सायबा, हय आमका बाकी सगळे इचारतत, काम झाला काय. काय बघलंस म्हणान कोण इचारता? माका बरा वाटा.”

मी त्याला उशीचं विचारलं. विचारायला नको होतं.

“दत्ताराम,” तो म्हणाला. “दत्ताराम गावडे. माझ्या वरच्या खाटेर निजा. एक दिवस सकाळी उठूक नाय. गाडी इली, घेऊन गेली. मी खोलयेत परत इलंय तर उशयेर खळगो तसोच. त्या गुरवारी सरांका सांगलंय नि फोनर रडलंय.” मग चहाचा कप खाली ठेवून त्याने मला विचारलं, “सरांनी ता पुस्तकात घातल्यांनी म्हणतत. नाव घातल्यांनी काय हो? माझा नको. दत्तारामाचा. तेचा चेडू आता कॉलेजात आसा. तेका दाखवूचा होता, बघ, बापाशीचा नाव पुस्तकात इला.”

दत्तारामच्या मुलीला दाखवायचं ते पुस्तक माझ्या बॅगेत होतं. त्यात दत्तारामचं नाव नव्हतं, महादेवचं नव्हतं, फोनचाही उल्लेख नव्हता. मी म्हणालो, “बघून सांगतो.” त्या संध्याकाळी मी कॅम्पामागच्या दोरीवरचे कव्हरऑल बघत उभा होतो आणि डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त ती फूटपट्टी. सरांनी चोरी केली याचा राग नंतर आला. आधी आला तो हा, की त्यांनी माझ्या आईला खोडलं.

मस्कतला परतलो तोवर सरांच्या निवृत्तीचं ठरलं होतं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार होती आणि निरोपसमारंभात तिचं प्रकाशन होतं. मी त्यांच्या खोलीवर गेलो. खोक्यांमध्ये सामान भरणं चाललं होतं.

“सर, दुक्मला महादेव घाडी भेटला.”

ते चहा गाळत होते. गाळणं बाजूला ठेवलं. “बसा,” म्हणाले. “साखर कमी ना?”

“तुम्ही दुक्मला किती वर्षं होतात?”

“गेलोच नाही, काळे.” हे अगदी सहज आलं. “डॉक्युमेंट कंट्रोलरला साइटवर कोण नेतो? अठ्ठावीस वर्षं कागदावर बघितला हा देश. ऑफिस, लिफ्ट, ही खोली. यातून किती हायकू निघणार? महादेव सांगायचा तेव्हा मला दिसायचं. तुम्हाला दिसलं असतं त्याहून स्पष्ट दिसायचं.”

“आणि रूम पार्टनर?”

“एकदा स्टेजवर तोंडून गेलं. लोक रडले. मग मागे कसं घेणार?”

“माझी आई मलाही दिसली होती, सर. भांडं दिसलं होतं. तुम्ही रेघ मारलीत.”

ते उठले, खोक्यातून नोंदवही काढली, पानं उलटून माझं पान शोधलं आणि लाल पेनाचं टोपण काढलं. “परत घेऊ या,” म्हणाले. “खाली नवीन क्रमांक टाकतो. सुधारित म्हणून नोंद करतो.”

त्यांच्या कामातली चूक ते अशीच निस्तरत आले असतील. मला मात्र त्या क्षणी त्यांचा मनस्वी तिटकारा आला. मी वही मिटली. म्हणालो, “आई म्हणजे ड्रॉइंग नव्हे. माझं राहू द्या. नव्या आवृत्तीत दत्ताराम गावडेंचं नाव घाला. महादेव दुसरं काही मागत नाही.”

“घालू. इन्शाल्ला.”

“इन्शाल्ला नको, सर. इतकी वर्षं इथे काढलीत, त्याचा अर्थ नुसतंच ‘बघू’ असा होतो हे दोघांनाही ठाऊक आहे. हो म्हणा.”

“हो,” ते म्हणाले. “प्रेसला अजून गेलेलं नाही. हो.”

आणि मी विश्वास ठेवला. एवढं सगळं कळल्यावरही ठेवला, याला काय म्हणावं? दुसऱ्याच दिवशी महादेवला फोन करून कळवलं, नाव येतंय. तो म्हणाला, “मगे मी येतंय. सुट्टी टाकतंय.”

समारंभाला हॉल भरून गेला होता. रेवा आता उंच झाली आहे, तिने स्वागत केलं. महादेव सकाळच्या बसने निघून थेट आला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बसमध्ये चुरगळलेला. मी त्याला शेवटच्या रांगेत माझ्याशेजारी बसवलं. सर अगदी सुंदर बोलले. चष्मा काढला, टेबलावर ठेवला. “हा माझा रूम पार्टनर,” म्हणाले. महादेवने माझ्याकडे पाहिलं. मी समोर बघत राहिलो. दहा मोजेपर्यंत कोणी खोकलंही नाही.

मग पुस्तकं वाटली गेली. मी आधी शेवटचं पान उघडलं. आभारात मंडळ होतं, पत्नी होती, मुद्रक होते, सईद होता. मग उशीचं पान काढलं. पहिल्या आवृत्तीत त्या हायकूवर काही छापलेलं नव्हतं. आता वर तिरक्या अक्षरांत एक ओळ होती, ‘माझ्या रूम पार्टनरच्या स्मृतीस’.

“नाय मा?” महादेवने विचारलं.

“नाही.”

“बरा,” तो म्हणाला. पुस्तक मिटलं आणि उठला. मला वाटलं, निघाला. तो सहीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मी त्याच्यामागे. काय करावं मला कळत नव्हतं. पुढे जाऊन ओरडावं असं वाटत होतं आणि पाय रांगेबरोबर सरकत होते.

सर टेबलाशी बसून भराभर सह्या करत होते. मान खाली, प्रत्येकाला तोच प्रश्न. महादेवने पुस्तक पुढे ठेवलं.

“नाव काय लिहू?”

“दत्ताराम लिवा, सर. दत्ताराम गावडे.”

पेन थांबलं. सात वर्षं दर गुरुवारी कानात पडलेला तो आवाज होता. मी अगदी मागेच होतो, मला सरांची बोटं दिसत होती. मान वर करायला किती लागतं? समोरचा माणूस वाट बघत उभा होता, रागाने नव्हे, पहिल्यांदाच भेटतोय म्हणून जरासा लाजत. सरांनी मान वर केली नाही. सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, ‘श्री. दत्ताराम गावडे यांस, सस्नेह’. खाली सही केली, गाव घातलं, तारीख घातली. पुस्तक पुढे सरकवलं आणि म्हणाले, “पुढचे.”

पुढचा मी होतो. मी पुस्तक पुढे केलं नाही. रांगेतून बाहेर पडलो.

दाराजवळ महादेव शाई पसरू नये म्हणून पान उघडं धरून फुंकर घालत होता. मला म्हणाला, “नाव इला मा शेवटी. चेडवाक दाखवूक झाला.” मग रुमालात पुस्तक गुंडाळून रात्रीच्या बसची वेळ विचारायला लागला. मी वळून पाहिलं. माझ्या जागी दुसरं कोणीतरी उभं होतं, हसून काहीतरी सांगत होतं, आणि सर अजून खालीच बघत होते.